पानं गोरीपान, वाचणारा नको

1938 साली दहा सेंटांना मिळणारं एक कॉमिक 2026 च्या जानेवारीत दीड कोटी डॉलरना विकलं गेलं. ‘ॲक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक, म्हणजे सुपरमॅनचं पहिलं दर्शन. घेणाऱ्याने नाव गुप्त ठेवलं आहे, ते बरंच केलं. नाहीतर घरातल्या एखाद्या पोराने विचारलं असतं, ‘काका, गोष्ट कशी आहे?’ आणि काकांना काही सांगता आलं नसतं. अंक प्लॅस्टिकच्या सीलबंद पेटीत आहे आणि पेटी फोडली की तिच्यावरचा आकडा रद्द होतो.

दीड कोटींची खरी कमाई त्या आकड्याची आहे. 2000 साली सीजीसी नावाची कंपनी निघाली, तिचं ठाणं फ्लोरिडातल्या सॅरासोटा गावी. तुम्ही कॉमिक पाठवायचं, फी भरायची. तिथले तज्ज्ञ कोपरे बघतात, कणा बघतात, पिना गंजल्यात का बघतात, पानं मोजतात आणि 0.5 ते 10 यांच्यामध्ये कुठेतरी गुण देतात. मग अंक पेटीत बंद. या पेटीला धंद्यात ‘स्लॅब’ म्हणतात. आता फक्त पुढचं आणि मागचं कव्हर बघायचं. पानं उलटणारा शेवटचा माणूस हा तज्ज्ञच, आणि त्याचं लक्ष गोष्टीकडे नसतं.

पेटीच्या लेबलवर गुणांच्या शेजारी पानांचा रंगही छापतात. पांढरी, पांढरट, सायीच्या रंगाची, अशी उतरती भाजणी. आपल्याकडच्या लग्नाच्या जाहिरातींत ‘गोरी, निमगोरी, गव्हाळ’ लिहायचे, तसंच हुबेहूब. वय लपवायची सोयही आहे. उष्णता आणि दमटपणा देऊन सुरकुत्या काढायच्या, याला ‘प्रेसिंग’ म्हणतात आणि ते बिनबोभाट चालतं. मात्र कव्हरवर उडालेल्या रंगाच्या जागी कुणी हौसेने ब्रश फिरवला, तर लेबल निळ्याचं जांभळं होतं आणि भाव कोसळतो. थोडक्यात, इस्त्री चालते, पावडर चालत नाही. हा नियम कुणी आणि कोणत्या तत्त्वावर ठरवला हे विचारू नका. ज्याच्या हाती लेबल, त्याचं तत्त्व.

‘अमेझिंग फँटसी’चा पंधरावा अंक 1962 चा, किंमत बारा सेंट. त्यात स्पायडरमॅन पहिल्यांदा आला. या अंकाची 9.6 गुणांची एक प्रत 2011 मध्ये अकरा लाख डॉलरना गेली आणि 2021 मध्ये 9.6 चीच प्रत छत्तीस लाखांना. मधल्या दहा वर्षांत त्या गोष्टीत संवादाचा एक फुगाही वाढलेला नाही.

आता ही किंमत कुणी निर्माण केली, ते बघा. सुपरमॅनच्या पहिल्या अंकाच्या सुमारे दोन लाख प्रती निघाल्या, उरल्या अंदाजे शंभर. बाकीच्यांपैकी काही पोरांनी वाचून फाडल्या, काही दुसऱ्या महायुद्धात कागद गोळा करायच्या मोहिमांत गेल्या, आणि उरलेल्या घर आवरताना आयांनी टाकून दिल्या. संग्राहक या आयांना आजही शिव्या घालतात. वास्तविक प्रत्येक लिलावात त्यांना कमिशन द्यायला हवं. टाकणारी नसती, तर जपणाऱ्याला कुणी विचारलं नसतं.

याचा पुरावाही आहे. नव्वदच्या दशकात अमेरिकेतली माणसं शहाणी झाली. आता टाकायचं नाही, पिशवीत घालून ठेवायचं, पोराच्या कॉलेजची फी निघेल! 1991 मध्ये ‘एक्स-मेन’चा नवा पहिला अंक वेगवेगळी कव्हरं लावून काढला, ऐंशी लाखांवर प्रती खपल्या. एकेकाने चार-चार घेतल्या. त्या सगळ्या आजही ठणठणीत आहेत, म्हणूनच काही डॉलरना मिळतात. फी त्या पोरांनी कर्ज काढूनच भरली असणार. आणि ही हवा ओसरल्यावर खुद्द प्रकाशक मार्व्हलने 1996 च्या डिसेंबरात दिवाळखोरीचा अर्ज केला.

सुपरमॅन ज्यांच्या डोक्यातून निघाला, त्या जेरी सीगल आणि जो शुस्टर यांना त्याच्या हक्कांपोटी 130 डॉलर मिळाले. दोघांत मिळून. पुढे कोर्टकचेऱ्या, हलाखी, आणि 1975 मध्ये बरीच ओरड झाल्यावर वर्षाला वीस हजार डॉलरचं पेन्शन. त्या 130 डॉलरची नोंद असलेला मूळ चेक 2012 मध्ये लिलावात निघाला आणि एक लाख साठ हजारांना गेला. ज्या कागदाने दोघांना बुडवलं, तोही संग्राह्य ठरला.

बाजाराचा सगळ्यात गुणी संग्राहक मात्र एक चोर आहे. दीड कोटींची ही प्रत एकेकाळी नट निकोलस केजची होती. 2000 मध्ये ती त्याच्या घरातून चोरीला गेली आणि 2011 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका भाड्याच्या लॉकरमध्ये सापडली. अकरा वर्षांनीही तिला 9.0 गुण! ना दुमड, ना चहाचा डाग. त्याच वर्षी ती एकवीस लाख साठ हजारांना विकली गेली. चोरीची कथा जोडली गेल्याने माल पडला तर नाहीच, उलट चढला.

आपल्याकडे 1964 ते 1990 पर्यंत इंद्रजाल कॉमिक्स निघत होती. त्यांतला वेताळ मराठी घरांत भावंडांच्या हातून शेजाऱ्यांकडे, तिथून रद्दीत आणि रद्दीतून पुन्हा कुणाच्या तरी उशाशी जायचा. कव्हरवर बॉलपेनने नाव, कोडं आधीच सोडवलेलं, मधलं पान गायब. सॅरासोटाच्या तज्ज्ञाने त्याला 0.5 दिला असता, तोही उदार होऊन. हल्ली त्या अंकांनाही हौशी गिऱ्हाईक मिळू लागलं आहे. त्यामुळे माळ्यावरचं गाठोडं विकायचं असेल तर खुशाल विका, पण आधी घरातल्या पोरांना वाचू द्या. भाव पडला तर पडू दे.

आणि कुणी ‘ॲक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक स्वस्तात देऊ केला, तर आधी पट्टी लावा. 1974 मध्ये त्याचं मोठ्या आकाराचं पुनर्मुद्रण निघालं होतं. त्याचं बाहेरचं कव्हर काढून आतला ऐवज अस्सल म्हणून खपवणारे तेव्हापासून आहेत. पैसे देऊ नका. वाचायला मिळत असेल तर मात्र मागून घ्या. सुपरमॅनची गोष्ट त्यात सगळी आहे, तेरा पानांची.