दर फेरीला आडत

आमचे साडू वसमतच्या मोंढ्यातले आडते. हळकुंड मोडलं की नुसत्या आवाजावरून ओल सांगणारा माणूस. पण एका लग्नासाठी गोव्याला गेलो, हॉटेलात स्लॉट मशीनची रांग दिसली आणि ही विद्या हळदीपुरतीच आहे हे कळलं.

महाराष्ट्राचा कॅसिनो कायदा १९७६ चा. अंमलात न येताच तो २०२३ साली रद्द झाला. गोव्यानं मात्र १९९२ साली कायदा बदलून पंचतारांकित हॉटेलांत ही मशीनं येऊ दिली. आम्हा हिंगोलीकरांचा अनुभव दसऱ्याच्या प्रदर्शनातल्या रिंगांपुरता. साबणाच्या वडीवर पडते पडते म्हणेस्तोवर रिंग शेजारी पडणार.

बायकोनं मला पाचशेची नोट दिली आणि माझं पाकीट स्वतःच्या पर्समध्ये टाकलं. "एवढे गेले की उठायचं. सिनेमा बघितला समजा." सिनेमा अकरा मिनिटांत संपला. साडूंना असं सांगणारं कोणी नव्हतं; मेहुणी मेंदी काढून घेत होती.

"पाहुणे, तासभर इथं काही पडलं नाही. आता पडायलाच पाहिजे!" मटक्याचे तक्ते जपणारेही असंच बोलतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोत चार्ल्स फेनं केलेल्या मशीनला खरी तीन चाकं होती. आताच्या मशीनच्या पोटातली चिप अखंड आकडे पाडत असते. बटण दाबलं त्या क्षणाचा आकडा, तोच निकाल. मागचं तिला काही आठवत नाही. पुढं चाकं फिरतात ती नुसती वरात, लग्न आधीच लागलेलं!

दोन घंटा जुळल्या, तिसरी बोटभर वर थांबली. "थोडक्यात हुकलं!" साडू ओरडले.

बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवते. तिला राहवेना. "दाजी, समजा हे मशीन सरासरी शंभरातले नव्वद परत देतं. दहा त्याची आडत."

"दहा टक्के? लई झाली."

"तुमची आडत सौद्याला एकदाच. इथं आलेले नव्वद तुम्ही परत घालता, त्यावर परत आडत. उरले एक्क्याऐंशी. मग त्र्याहत्तर."

साडूंचा हात बटणावरून उठला. ते मशीनकडं आदरानं बघत राहिले. माल नाही, काटा नाही, हमाल नाही, पावसाची भीती नाही.

परतताना हिंगोली जवळ आल्यावर ते हळूच म्हणाले, "पाहुणे, असं एक मशीन केवढ्याला पडत असेल हो?"