चारावर अडलेलं गाडं

माझा एच-इंडेक्स ४ होता. हे वाचून ज्यांना काहीच वाटलं नाही, ती माणसं सुखी. बाकीच्यांसाठी सांगतो: तुमच्या चार पेपरांचा प्रत्येकी निदान चार वेळा कुणी उल्लेख केला असेल, तर तुमचा आकडा चार. हे माप २००५ साली कॅलिफोर्नियातल्या होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने काढलं. वर त्याने आपल्या विषयापुरता अंदाजही देऊन ठेवला की कायम नोकरीला साधारण १२ हवेत आणि पूर्ण प्राध्यापकीला १८. मी न्यूरॉलॉजीचा सहयोगी प्राध्यापक. विषय वेगळा, एवढाच काय तो आधार.

बायकोला हे सगळं समजावलं, तर ती म्हणाली, "म्हणजे चार जणांनी वाचलंय ना? मग झालं की!" ती भूलतज्ज्ञ आहे. तिचं बोलणं संपायच्या आत पेशंट झोपतो, त्यामुळे श्रोत्यांकडून तिच्या अपेक्षा मुळातच माफक.

चाराचे पाच व्हायला अडत होतं एकाच पेपरापाशी. 'श्रावणातले उपवास आणि अर्धशिशी.' बाकीच्या चौघांनी पाचाची वेस कधीच ओलांडली होती. हा मात्र चारावर बसून होता, आणि त्या चारांतले दोन उल्लेख माझेच. आणखी एक घुसवता आला असता, पण दरवेळी आपलाच नारळ आपणच वाढवायचा म्हणजे जरा लाजच वाटते.

पार्किन्सनच्या रुग्णाला प्रॅमिपेक्सोल लिहून देताना मी घरच्यांना बजावतो, की काहींना या गोळीने जुगाराचा नाद लागतो. लॉटरी, ऑनलाइन रमी, सगळ्यावर नजर ठेवा. बक्षीस ठरल्या वेळी मिळालं तर मेंदूतलं डोपामिन फारसं हलत नाही, अवचित मिळालं की उसळतं, हेही सांगतो. मंडळी माना डोलावून बाहेर जातात, आणि पुढचा केसपेपर आत यायच्या आत मी टेबलाखाली मोबाइल धरून गूगल स्कॉलर उघडतो. कुठलीही गोळी न घेता.

त्यातच २०२४ साली माझ्या करिअरला मांजर आडवं गेलं. अक्षरशः. अमेरिका आणि इंग्लंडमधल्या दोघा संशोधकांनी लॅरी नावाच्या बोक्याच्या नावावर निरर्थक पेपर तयार केले, त्यांचे उल्लेख तसल्याच आणखी पेपरांत पेरले आणि सगळं इंटरनेटवर चढवलं. आकडे किती सहज फुगवता येतात, हे त्यांना दाखवायचं होतं. लॅरीचा एच-इंडेक्स निघाला ११. आमच्या एका निवासी डॉक्टरने ती बातमी विभागाच्या ग्रुपवर टाकली. खाली हसरे चेहरे पडले. मीही एक टाकला.

मग मी थोरामोठ्यांच्या आडोशाला गेलो. जेम्स पार्किन्सनने १८१७ साली ज्या निबंधावर अजरामर नाव कमावलं, त्यात रुग्ण किती? सहा. त्यातले काही तर लंडनच्या रस्त्यावर दिसलेले! आमची एथिक्स कमिटी त्याला दारातही उभं करणार नाही. आल्झायमरने १९०६ साली ट्यूबिंगेनच्या परिषदेत आपली रुग्ण मांडली, तेव्हा सभेतून एकही प्रश्न आला नाही. माझ्या भाषणांनंतर तरी कुठे येतो? मात्र आमच्याच विषयातल्या नोशीर वाडियांपाशी हा युक्तिवाद टिकत नाही. मुंबईत काम करून त्यांनी १९७१ साली 'ब्रेन'मध्ये एक आनुवंशिक आजार मांडला. त्यात तोल जातो आणि डोळ्यांची हालचाल संथ होते. पुढे १९९६ साली त्याचं, म्हणजे एससीए-२चं, जनुक सापडलं, तरी त्या पेपराचे उल्लेख अजून चालूच आहेत. त्यांच्यापुढे साधनं नव्हती, मुंबईत वेळच मिळत नाही, वगैरे सबबी चालत नाहीत. म्हणून मी पार्किन्सनवरच थांबतो.

आणि एका सकाळी आकडा बदलला. पाच! रमजानच्या रोज्यांवर काम करणाऱ्या एका परदेशी गटाने माझा श्रावण उचलला होता. मी वॉर्डबॉयला पिटाळून पेढे मागवले, सिस्टरपासून विभागप्रमुखांपर्यंत सगळ्यांना वाटले. तोंड गोड झाल्यावर कुणीतरी विचारलं, "सर, काय म्हटलंय पण आपल्याबद्दल?"

पेपर उघडला. लेखकांनी माझा तक्ता क्रमांक २ बारकाईने वाचला होता. बहुधा तो वाचणारे तेच पहिले. त्यांचं म्हणणं असं, की या अभ्यासातल्या 'उपाशी' रुग्णांनी साबुदाणा, बटाटा, रताळी, शेंगदाणे आणि तूप यांचं सेवन केल्याची नोंद आहे. काहींचा आहार तर एरवीपेक्षा अधिक दिसतो. सबब या निष्कर्षांना उपवासाचे निष्कर्ष म्हणता येणार नाही. एकादशी, दुप्पट खाशी! आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट त्यांनी सांख्यिकीनिशी सिद्ध केली होती.

पण हिर्शच्या मापाला स्तुती आणि शिवी यांतला फरक कळत नाही. पाच ते पाचच.

विभागप्रमुखांनी दुसरा पेढा उचलला आणि म्हणाले, "उत्तर धाडा संपादकांना. सविस्तर." मग जरा खाली वाकून, "संदर्भांत स्वतःचे पेपर विसरू नका. सहावा कितीवर अडलाय?"

रात्री मुलं झोपल्यावर लिहायला बसलो. पहिलंच वाक्य झकास जमलंय: 'वरीचे तांदूळ हे तांदूळ नव्हेत.'