निरोप समारंभ राहिलाच

(रंगमंचावर एक खुर्ची आणि एक स्टूल. स्टुलावर शाल, नारळ आणि मेडिकलवाल्याची छोटी कागदी पुडी. कोपऱ्यात बंद टेबलफॅन. बाई येतात, शाल-नारळ उचलतात, प्रेक्षकांवरून नजर फिरवतात.)

बसा, बसा. शाल-नारळ बघून सावरून बसू नका, सत्कार तुमचा नाही. आमदारांचाही नाही, म्हणून तर कार्यक्रम वेळेवर सुरू झाला. आपल्या जालना जिल्ह्यात माणूस नोकरीतून सुटला की गाव दणाणून जातं. झेडपीचे गुरुजी रिटायर झाले तर उघड्या जीपमधून मिरवणूक, तलाठी रिटायर झाला तर गावजेवण; तो गेला याचा आनंद म्हणून असेल, पण जेवण असतं. मी आज ज्या कर्मचाऱ्याचा सत्कार करायला उभी आहे तिची नोकरी तेरा-चौदाव्या वर्षी लागली, अर्ज न करता. आपल्या देशात बाईची पाळी सरासरी 46-47 व्या वर्षी थांबते, म्हणजे सेवा झाली तेहतीस वर्षांची. वर्षाला बारा-तेरा हजेऱ्या धरा, चारशेच्या वर भरतात. दोन-तीन बाळंतपणं आणि अंगावर पाजण्याचे महिने वजा केले तरी हिशेब साडेतीनशेच्या आसपास येतो. आणि शेवटचा दिवस? तो तिचा तिलाही कळत नाही. डॉक्टर सांगतात, सलग बारा महिने पाळी आली नाही की समजायचं गेली. म्हणजे रिटायर झाल्याची तारीख वर्ष उलटल्यावर हातात पडणार. असा कारभार मी पेन्शनच्या ऑफिसाबाहेर दुसरीकडं बघितलेला नाही.

(नारळ कानाशी धरून हलवून बघतात, खाली ठेवतात.)

आता कुणी म्हणेल, बाई, आपल्या परंपरेत निरोप आहे की! आहे ना. ऋषिपंचमी. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी. पाळी गेली की पुष्कळ घरांत बायका हे व्रत धरतात आणि पुढं त्याचं उद्यापन करतात. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, ऋषीची भाजी करायची आणि इतक्या वर्षांत विटाळात जी शिवाशिव झाली असेल तिची माफी मागायची. कहाणीत तर विटाळात स्वयंपाक केला म्हणून बाई कुत्रीच्या जन्माला जाते आणि तिच्या संसर्गानं नवरा बैल होतो. नवरा बैल होण्यासाठी विटाळ कशाला लागतो, हा प्रश्न कहाणीत नाही. तर मंडळी, गुरुजींना शाल आणि हिला कारणे दाखवा नोटीस! तेहतीस वर्षं काम केलं, आता त्या कामाबद्दल माफीनामा लिहून दे. आणि गंमत अशी की ती तो हसत लिहून देते. का देते? इथंच माझ्या बोलण्याचा गाभा आहे. पाळी गेल्यावर बाई हसते, रडते की काहीच म्हणत नाही, हे तिच्या अंगापेक्षा जास्त एका जुन्या वहीवर ठरतं. त्या वहीत लिहिलेलं असतं, पाळी असताना तिनं काय किंमत मोजली आणि गेल्यावर तिला काय मिळणार. जिला मोकळीक मिळते ती म्हणते सुटले. जिची किंमतच तरुणपणावर ठरलेली, ती म्हणते संपले. बाई बदलली की वही बदलते.

(कागदी पुडी उचलतात.)

ही बघा त्या वहीतली एक पावती. ही पुडी भाद्रपदात जालन्यापासून मंठ्यापर्यंत कुठल्याही मेडिकलवर मिळते, बहुतेक वेळा चिठ्ठीशिवाय. पाळी पुढं ढकलायची गोळी. मराठवाड्यात महालक्ष्म्या बसतात तीन दिवस; सोळा भाज्या, पुरण, आंबील, फुलोरा, सगळं सोवळ्यात, आणि करणारी घरात एकच. ती 'बाहेरची' झाली तर देवीचा नैवेद्य कुणी करायचा? नवऱ्याला तर पुरणयंत्राचं तोंड कुठलं ते माहीत नाही. म्हणून पोळ्याच्या आधीपासूनच कॅलेंडरवर बोटं मोजायची आणि गोळी घ्यायची. मग दिराचं लग्न, मग राजूरच्या गणपतीची चतुर्थी, मग पंढरपूर. देवाच्या तारखा पंचांगात छापलेल्या आणि बाईनं आपलं शरीर त्या तारखांना जुळवून घ्यायचं. अशा बाईला पंचेचाळिशीनंतर कळतं की आता मोजायचं नाही, कुठल्याही दिवशी देवघरात जायचं, लोणच्याच्या बरणीत हात घालायचा. ती सुटले म्हणाली तर तिला मागास म्हणू नका, तिचा हिशेब बरोबर आहे. पण तिच्याच शेजारच्या घरात जिला मूल नाही, ती बाई प्रत्येक महिन्याला अजून काही होईल म्हणून थांबलेली असते; तिच्यासाठी तीच गोष्ट म्हणजे दार लागल्याचा आवाज. आणि विधवा बाई? तिची शिवाशिव संपली तरी हळदीकुंकवाचं बोलावणं काही येत नाही. एका बाजूनं कुलूप निघालं, दुसऱ्या बाजूचं तसंच.

ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही. मार्शा फ्लिंट नावाच्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी राजस्थान आणि हिमाचलातल्या राजपूत बायकांचा अभ्यास करून 1975 साली लेख लिहिला. त्या बायकांच्या तक्रारी फारच थोड्या होत्या, कारण पाळी गेली की त्यांचा पडदा सैल व्हायचा. चार पुरुषांत बसता यायचं, बोलता यायचं, थट्टा करता यायची. म्हातारपण म्हणजे तिथं बढती होती. त्याच सुमाराला अमेरिकेत काय चाललं होतं? 1966 साली रॉबर्ट विल्सन या डॉक्टरांनी पुस्तक लिहून जाहीर केलं होतं की पाळी जाणं हा कमतरतेचा आजार आहे आणि गोळी घेऊन बाईनं कायम तरुण राहावं. बायकांनी गोळ्या घेतल्या. 2002 मध्ये एक मोठी चाचणी मधेच थांबवावी लागली, कारण दोन हार्मोन एकत्र घेणाऱ्यांत स्तनाचा कॅन्सर आणि पक्षाघात वाढलेला दिसला. मग त्याच बायकांना गोळीची इतकी भीती घातली की ज्यांना खरोखर गरज होती त्याही वर्षानुवर्षं घाम पुसत बसल्या. आता डॉक्टर तपासून, वय बघून, बेतानं देतात. मधल्या काळात बाईचं शरीर काही बदललं नव्हतं, बाजारभाव बदलत होता.

(टेबलफॅनकडे जातात, बटण दाबतात. फॅन सुरू होत नाही. प्रेक्षकांकडे बघतात.)

लाईट गेली. चला, पहिल्या शंकेला हेच उत्तर. शंका अशी की, बाई, तुम्ही सगळं समाजावर ढकलता, हे हार्मोनचं असतं, अंगातून वाफा निघतात, झोप उडते, हाडं ठिसूळ होतात, यात वहीचा काय संबंध? अगदी मान्य. वाफा खऱ्या, रात्रीचा घाम खरा, इस्ट्रोजेन कमी होतं तेही खरं. पण मला सांगा, मे महिना, बेचाळीस डिग्री, वर पत्रा, खाली चूल, लाईट गेलेली. त्यात बाईच्या अंगाची आग झाली तर ती हार्मोनची की जालन्याची, हे कोण ठरवणार? ती 'कडकी झाली' म्हणते, सब्जा भिजवून पिते आणि खुरपायला जाते. सर्वेक्षणवाली ताई येऊन विचारते, त्रास होतो का? ती म्हणते नाही. ताई लिहिते, ग्रामीण महिलांना त्रास नाही. झालं संशोधन! चिडचिडीचंही तसंच. मोसंबीची बाग पाण्यावाचून जळाली, सोसायटीचं कर्ज डोक्यावर, पोरगं बारावीला गटांगळ्या खातंय, आणि शेहेचाळीस वर्षांची बाई ओरडली की घरातले एकमेकांकडे बघतात, 'तिचं ते वय चालू आहे.' नवराही शेहेचाळीसचाच. तो ताट भिरकावतो तेव्हा त्याला स्वभाव म्हणतात.

(मागच्या रांगेकडे हात करून, पुरुषी आवाजात.) "हे सगळं पैसेवाल्या बायकांचं खूळ आहे. आमच्या आया-आज्यांना कुठं होतं असलं काही?" (स्वतःच्या आवाजात.) काका, आजीला होत होतं. आजी सांगायला तुमच्याकडं कशाला येईल? तक्रार करायलासुद्धा ऐकणारा कान आणि बसायला पाट लागतो. शहरातली बाई बोलते म्हणून तिचं दुखणं दिसतं, गावातली गप्प बसते म्हणून तिचं सहनशील म्हणून कौतुक होतं. फ्लिंटबाईंच्या राजपूत बायका गप्प होत्या कारण त्यांना बदल्यात काही मिळालं होतं. आपल्याकडची कितीदा तरी गप्प असते कारण काहीच मिळणार नाही हे तिला पाठ आहे. दोघींचं गप्प बसणं एका रकान्यात भरू नका. तुमच्या मिशीला मेंदी लावायला तुम्हाला न्हावी मिळतो, काका, तिला विचारायला कुणी नाही.

(शाल खुर्चीवर ठेवतात. आवाज खाली येतो.)

आता जरा गोदावरीच्या काठाला या. आपल्या अंबड-घनसावंगीच्या पलीकडं नदी ओलांडली की बीड जिल्हा. दिवाळीच्या आगेमागे दोन्ही काठांवरून टोळ्या निघतात ऊस तोडायला. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल घेतलेली, आणि एक दिवस चुकला की खाडा. त्याचा दंड 500 रुपयांपर्यंत कापला जातो असं या बायकांनी सांगितलंय. पहाटे फडात, डोक्यावर मोळी, ट्रॉलीला लावलेल्या फळीवरून वर चढायचं, आडोसा नाही, पाणी नाही, तेच ओलं कापड दिवसभर. अशा बाईच्या वहीत पाळीची किंमत नैवेद्यात लिहिलेली नसते, थेट रुपयांत असते. अंगावर पांढरं जातंय, ओटीपोट दुखतंय म्हणून ती दवाखान्यात जाते. बहुतेकदा तो संसर्ग असतो, औषधानं बरा होणारा. पण तिला ऐकवलं जातं, गर्भाची पिशवी खराब झाली, ठेवली तर कॅन्सर होईल. 2019 साली सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीडमधल्या 82,309 ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यात 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. शंभरात जवळजवळ सतरा. देशाच्या 2015-16 च्या कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या बायकांत हा आकडा शंभरात तीनच्या आसपास होता. दोन्ही पाहण्यांची मापं तंतोतंत सारखी नाहीत, तरी सतरा आणि तीन यांतलं अंतर मापाच्या चुकीनं पडत नाही. यात कितीतरी जणी तिशीतल्या. आणि ऑपरेशन करून आलेली बाईसुद्धा काय म्हणते? सुटले बाई. महालक्ष्म्यावाली म्हणत होती तोच शब्द. एकीला निसर्गानं मोकळं केलं, दुसरीनं कर्ज काढून मोकळीक विकत घेतली.

म्हणून 'आपल्या बायका पाळी जाण्याचं किती आनंदानं स्वागत करतात' असं कुणी कौतुकानं सांगू लागलं की माझा हात नारळाकडं जातो. फोडायला. त्या आनंदात पाळीच्या काळातली शिक्षा लपलेली असते, आणि शिक्षा जितकी मोठी तितकी सुटकेची घाई मोठी. मग लगेच पुढचा मुद्दा येतो, तोही बायकांकडूनच: "पोरं झाली, आता ती पिशवी ठेवून करायचंय काय?" साधा, व्यवहारी प्रश्न आहे, त्याला नाक मुरडू नये. उत्तर असं की पिशवीबरोबर अंडाशयही काढले तर तिशीतल्या बाईचं शरीर एका दिवसात पन्नाशीत जातं. वाफा, निद्रानाश, हाडांची झीज, हृदयविकाराचा वाढलेला धोका, सगळं एकदम. अंडाशय ठेवले तरी त्यांचं काम एरवीपेक्षा लवकर थांबण्याची शक्यता असते. आणि कंबर धरून बसलेली बाई पुढच्या हंगामात पुन्हा मोळीच उचलते, कारण ऑपरेशनचे पैसे उचलीतूनच घेतलेले असतात. गाठ असेल, रक्तस्राव थांबत नसेल, कॅन्सर असेल तर पिशवी काढावीच लागते, तिथं हट्ट नको. मात्र खाडा चुकवायला अवयव काढावा लागत असेल तर दोष पिशवीत शोधायचा की मुकादमाच्या वहीत? सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल 2023 मध्ये सगळ्या राज्यांना अनावश्यक शस्त्रक्रिया रोखणारे केंद्राचे नियम तीन महिन्यांत लागू करायला सांगितले. नियम कागदावर चांगले आहेत. फडात संडास आणि पाळीच्या दिवसांची भरपगारी सुट्टी हे त्याहून स्वस्त औषध आहे, पण त्यात कुणाला कमिशन नाही.

(शाल उचलून पहिल्या रांगेकडे येतात.)

जांब समर्थ आपल्याच जिल्ह्यातलं, घनसावंगी तालुक्यातलं. लग्नात 'सावधान' ऐकलं आणि तिथला नारायण, म्हणजे रामदास स्वामी, बोहल्यावरून निघून गेला, असं सांगतात. पुरुष एका शब्दावर मांडवातून पळाला तर आपण त्याला समर्थ म्हणतो. आपली बाई फॉर्मवर अंगठा लावते तेव्हा तिच्या कानात 'सावधान' म्हणायला कुणी नसतं, म्हणून इथं बसलेल्या लेकी-सुनांनो, ते काम तुमचं. तिशी-चाळिशीत कुणी पिशवी काढा म्हटलं तर विचारा: नेमका आजार काय, औषधानं बरा होतो का, अंडाशय राहणार की जाणार. आणि एकाच दवाखान्यावर विसंबू नका, जिल्हा रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरला रिपोर्ट दाखवा. जिची पाळी आपसूक गेली, तिच्या वाफा, तिची झोप, तिचे गुडघे यांची चौकशी करा, ती 'काही नाही' म्हणाली तरी दुसऱ्यांदा करा. आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा थेंबभर जरी रक्त दिसलं, तर 'उष्णता असेल' म्हणून सब्जा पीत बसू नका, त्याच आठवड्यात डॉक्टरकडं जा.

(पडदा)