चिमुकल्यांचा आग्रह, जुन्या फॉन्टात

देवनागरी युनिकोडमध्ये आली १९९१ साली. जामखेडच्या डीटीपी दुकानापर्यंत पोचायला तिला बहुधा एसटी मिळाली नसावी. तिथे अजून पेजमेकरचं राज्य. त्याची शेवटची, सातवी आवृत्ती २००१ची. तिला युनिकोडचा गंधही नाही. पण ऑपरेटरची बोटं जुन्या बंदिस्त फॉन्टवर अशी बसलीत की, लग्नपत्रिकेतला चिमुकल्यांचा आग्रह टाईप होऊन जातो, तरी सांगितलेला चहा आलेला नसतो. सोय म्हणतात ती हीच.

हीच फाइल नवरदेवाच्या पुण्यातल्या भावाने उघडली, की श्रीगणेशाच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलर प्रसन्न होतात. कारण फाइलीत ‘क’ नसतोच. असतो तो एखाद्या इंग्रजी अक्षराचा संकेतांक. फॉन्ट नाही, तर मराठीही नाही.

यावर मुक्त सॉफ्टवेअरवाले सांगतात, लिब्रेऑफिस घ्या, ‘मुक्ता’ फॉन्ट घ्या, सगळं फुकट. घेतलं. मग तोच मजकूर जुन्या कोरलड्रॉमध्ये नेला, तर जोडाक्षरांचा काडीमोड! तक्रार केली, तर उत्तर मिळतं, ‘सोर्स कोड खुला आहे, तुम्हीच दुरुस्त करा.’ लग्न परवावर आलंय, दादा.

२०२४मध्ये जामखेडच्या जिल्ह्याचं नाव अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. अहिल्याबाईंचं चौंडी याच तालुक्यातलं, तेव्हा उत्साह दांडगा. संगणकाला सांगितलं, जुन्या फाइलींतून ‘अहमदनगर’ शोध. एकही सापडलं नाही. नामांतर इतक्या चोख पद्धतीने तर सरकारी कचेरीतही झालं नसेल!