कापडशास्त्रीणबाई

श्टुटगार्ट आणि आसपासच्या गावांत बॉश-मर्सिडीजच्या कृपेने मराठी कुटुंबं बरीच. त्यांच्या कुठल्याही गणेशोत्सवाला जा, एक कापडशास्त्रीणबाई भेटतेच. बाकीचे टाळ शोधत असतात, तेव्हा हिच्या छातीवर महिन्याभराचं तान्हं आणि पाठीवर अडीच वर्षांचा थोरला, दोघंही कापडाने पक्के बांधलेले असतात. हिचे दोन्ही हात मोकळे. त्या मोकळ्या हातांनी ती शेजारच्या गरोदर मुलीची ओढणी चाचपते आणि विचारते, "किती जीएसएम गं ही?"

जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं वजन, ग्रॅममध्ये. आपण हे फार तर लग्नपत्रिकेच्या कागदाबद्दल विचारतो. बाईंचा संसार मात्र त्याच आकड्यावर तोललेला असतो. दोनशेच्या आतलं पातळ कापड तान्ह्याला झकास, पण त्यात तेरा किलोचा थोरला बांधला की खांद्यात रुततं. तीनशेच्या वर गेलात तर थोरला तासभर डुलक्या काढेल, पण तान्ह्याला बांधताना गाठच बाळाएवढी होईल. म्हणून दोघांना चालेल असं एकच कापड शोधायचं, हा बाईंचा नऊ महिन्यांचा ध्यास. इतरांना चिंचेचे डोहाळे लागतात, हिला विणीचे.

त्यात राहायला नेमकी पंढरीत. लुडविग्सबुर्ग श्टुटगार्टहून लोकलने पाव तासावर, आणि तिथल्याच 'डिडिमॉस'ने 1972 पासून ही कापडं विकायला सुरुवात केली. एरिका हॉफमन या बाईंना जुळं झालं, हात पुरेनात, तेव्हा त्यांनी घरात असलेलं मेक्सिकोचं कापड काढून मुलं बांधली. ही कथा आमच्या बाई सत्यनारायणाच्या कथेच्या भक्तीने सांगतात. मध्ये उठायचं नाही.

साताऱ्याहून बाळंतपणाला आलेल्या सासूबाई पहिल्याच दिवशी कपाट उघडतात.

"अगं, एवढ्या चादरी कशाला?"

"आई, चादरी नाहीत त्या. हे हेम्प आहे, थोरल्यासाठी. भांगेच्या झाडाचा धागा असतो, वजन छान पेलतो."

"भांगेचा? पोराला?"

मग लांबीचा वाद. सहा नंबर म्हणजे साधारण साडेचार मीटर, सात म्हणजे पाचाच्या थोडं वर. बाई रात्र-रात्र या अर्ध्या मीटरवर विचार करतात. सासूबाई शांतपणे म्हणतात, "माझं लुगडं आठ मीटर आहे. तुम्ही तिघंही बसाल."

नवं कापड ताठ असतं, ते मऊ पाडावं लागतं. धुवायचं, वाफेची इस्त्री फिरवायची, मग लांबलचक वेणी घालून सोफ्यावर ठेवायची आणि तिच्यावर नवऱ्याने बसायचं. या शास्त्रात नवऱ्याचा वाटा एवढाच, पण तो मन लावून पार पाडतो, विशेषतः क्रिकेट चालू असताना. एवढी मेहनत ज्यांना नको ते वापरलेलं कापड घेतात, आणि एखाद्या दुर्मीळ नक्षीचं असेल तर नव्यापेक्षा जास्त पैसे मोजतात. ज्यांनी उभा जन्म जुनेराची दुपटी शिवली त्या सासूबाईंना हा भाव कळला, त्या दिवशी त्यांनी चहा अर्धाच प्यायला.

थट्टा खूप झाली, पण बांधायला लागली की बाईंसमोर बोलायची सोय नाही. बाळ यायच्या आधी पाच किलो बासमतीच्या पोत्यावर तिने सराव केलेला असतो. काठावरची मध्यखूण चाचपून कापडाचा मध्य छातीवर धरते, दोन्ही टोकं पाठीवर फुली घालून पुन्हा पुढे आणते, मग सगळं एकदम न ओढता एकेक चुणी घट्ट करत जाते. बाळाचा चेहरा सतत दिसायला हवा, हनुवटी छातीला टेकता कामा नये, आपण मान लववली की टाळूची पापी घेता आली पाहिजे आणि गुडघे ढुंगणापेक्षा वर हवेत. दोघांना एकाच वेळी घ्यायचं तर तसली दोन कापडं, थोरला आधी पाठीवर, तान्हं नंतर पुढे. इथे ती कुणाचं ऐकत नाही, आणि ऐकूही नये.

थोरल्याचं म्हणाल तर एवढं सगळं झाल्यावर तो म्हणतो, "मी चालणार." उतरवला की पन्नास पावलांवर हात वर करतो.

हेम्प, लिनन, लोकरीची वीण ही सगळी मंडळी कपाटात वजनाप्रमाणे रचलेली आहेत. रोज अंगावर असतं ते कुणीतरी वापरून मऊ केलेलं, साधं पट्ट्यापट्ट्यांचं सुती सहा नंबर, सव्वादोनशेच्या आसपासचं. तुमच्याकडेही एक रांगतं-धावतं आणि एक येऊ घातलेलं असेल, तर तेच घ्या. तरीही बाईंना विचारायचंच असेल तर खुशाल विचारा, फक्त फोन लावण्याआधी कुकर उतरवून ठेवा.