पाण्याचे खाडे

अंगभर साबण फासून नळ सोडला, तर नळाने नुसता सुस्कारा सोडला. वीज पहाटेच गेलेली. डोळे मिटलेले, हातात रिकामा तांब्या, अशा वेळी माणसाला एक तर अध्यात्म सुचतं किंवा गणित. मला गणित सुचलं.

"अगं, हा योग शंभरात एक!" मी आतून ओरडलो. वीज दहा सकाळींत एकदा जाते, पाणी दहात एकदा. एक दशांश गुणिले एक दशांश.

"अहो, मग गेल्या महिन्यात तीनदा कसा आला?"

हिच्याकडे पुरावा होता. दूधवाल्याचे खाडे मांडायच्या कॅलेंडरवर ही वीज-पाण्याचेही खाडे मांडते. टॉवेल गुंडाळून, साबणासकट, मी शंभर सकाळी मोजल्या. वीज नाही : १० दिवस. पाणी नाही : १० दिवस. इथवर मी बरोबर. पण दोन्ही नाही, असे दिवस ९!

गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारी मोटर विजेवर चालते, हे मी सोयीस्कर विसरलो होतो. नुसता गुणाकार चालतो तो एकमेकींना ओळखही न दाखवणाऱ्या घटनांचा. इथे तर दोघी सख्ख्या जावा; एकीने डोकं धरलं की दुसरीला कणकण येते. म्हणून दुसरा अपूर्णांक मांडताना विचारायचं, 'वीज गेलीच आहे असं धरलं, तर पाणी जायची शक्यता किती?' दहापैकी नऊ. १०/१०० गुणिले ९/१०, म्हणजे ९/१००. पुस्तकात याला सशर्त संभाव्यता म्हणतात.

हा काही आमच्या सोसायटीचा शोध नव्हे. अब्राहम द मुआव्र हा फ्रान्समधून परागंदा झालेला गणिती लंडनच्या कॉफीहाउसात जुगाऱ्यांना शक्यता काढून देऊन चार पैसे मिळवायचा. १७१८ साली त्याचं त्यावर पुस्तकही निघालं. ५२ पत्त्यांतून ओळीने दोन एक्के यायची शक्यता घ्या. पहिल्याची ४/५२, पण तो हातात आल्यावर उरतात ५१ पत्ते आणि ३ एक्के. गुणाकार १/२२१. तिथे पहिला एक्का दुसऱ्याची वाट थोडी अडवतो. आमच्याकडे वीज जाताना पाण्याला बोट धरून घेऊन जाते.

"मग करायचं काय?" डोळे चोळत मी विचारलं.

"वीज गेली की टाकीत आहे तोवर बादली भरून ठेवायची. दाराआड आहे बघा, पहाटेच भरलीय."

बादली होती. पाणी मात्र गार. वीज गेलेली असताना गिझर बंद असण्याची शक्यता दहापैकी दहा.