पाठमोऱ्यांशी बोलणी

माणसाशी समोरासमोर कसं बोलावं, हे आपल्याला लहानपणापासून घोटून शिकवलेलं असतं. मोठ्यांना अहो-जाहो करायचं, दोघं बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही, निघालेल्या माणसाला ‘कुठे?’ असं विचारायचं नाही. पण माणसाच्या पाठीशी कसं बोलावं, हे काही कुणी शिकवत नाही. सायकल चालवणाऱ्याचं नेमकं तिथेच अडतं, कारण त्याचा सगळा व्यवहार पाठींशी. रिक्षावाल्याला पुढच्या गाडीचे दिवे दिसतात, नंबर दिसतो, ट्रकमागचं ‘हॉर्न ओके प्लीज’ दिसतं. फूटपाथलगतच्या पट्ट्यावरून सायकल चालवणाऱ्या माझ्यासारखीला दिसतात नुसत्या पाठी. रुंद पाठी, पोक काढलेल्या पाठी, लॅपटॉपची सॅक लावलेल्या पाठी, आणि अलीकडे मानेपासून पुढे झुकलेल्या पाठी.

ही शेवटची जात लांबूनही ओळखता येते. कोपर अंगाला चिकटलेलं, मान खाली, आणि चालीला ठाव नाही. चाल मंदावली तर वाचन चालू आहे असं समजावं. पाठ एकदम थांबली तर उत्तर लिहिणं चालू आहे, आणि ते पट्ट्याच्या बरोबर मधोमध उभं राहून लिहायचं असतं. मध्येच पाठ हलायला लागली की रील विनोदी आहे.

मी पुण्यात सायकल चालवते, म्हणजे एकेकाळच्या ‘सायकलींच्या शहरा’त. त्या काळात सायकलला बिल्ला लागे, रात्री दिवा लागे आणि डबलसीट दिसली की पोलीस चाकातली हवा सोडून देत, हे सगळं माझ्या आधीच्या पिढीनं मला इतक्या वेळा सांगितलंय की मलाच पकडलं होतं असं कधीकधी वाटतं. आता सायकली मूठभर उरल्या, पण त्यांच्यासाठी पट्टे आले. जंगली महाराज रस्ता घ्या. १९७६ मध्ये झालेल्या या रस्त्याला पुढे कित्येक वर्षं खड्डा पडला नाही, हे पुणेकर पाहुण्यांना शनिवारवाड्याच्या आधी सांगतात. त्याच रस्त्याला आता चांगला ऐसपैस फूटपाथ आहे, बसायला जागा आहे, आणि सायकलसाठी वेगळी वाटही राखलेली आहे. ती वाट मला फार आवडते. अडचण इतकीच, की ती सगळ्यांनाच आवडते.

आवडणारच. आपल्याकडच्या मानकांप्रमाणे फूटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी. कागदावर ती असतेही. मग तिच्यात विजेचा डबा येतो, झाड येतं, बसथांबा येतो, मोबाइलची कव्हरं विकणारा येतो, त्याच्यासमोर कव्हर निवडणारं गिऱ्हाईक येतं. त्या मानानं शेजारचा सायकलचा पट्टा सपाट आणि मोकळा. कुणीही शहाणा माणूस तिथूनच चालेल. सायकल कुलूप लावून ठेवली की मीही तिथूनच चालते. त्यामुळे ‘ही आमची वाट आहे हो’ असा हक्क सांगायला माझी जीभ रेटत नाही. (या पट्ट्यांवरून स्कूटरी जातात, हा विषय मी काढणार नाही. फूटपाथ आणि सायकलच्या वाटेवर मोटारवाहन चालवू नये असं १९८९ पासून नियमांत लिहिलेलं आहे. पण तो विषय काढला तर हा लेख ललित राहायचा नाही.)

तर प्रश्न पाठीशी बोलण्याचा. त्यासाठी सायकलीला घंटी दिलेली असते. जुनी घंटी कधी उघडून बघितलीय? वरची वाटी आट्यांवर फिरवली की निघते. म्हणूनच शाळेच्या स्टँडवरून पूर्वी त्या वाट्या हमखास चोरीला जायच्या. आत एक दातेरी चाक, एक स्प्रिंग आणि एक गरगर फिरणारी पट्टी, तिच्या दोन टोकांना दोन सैलसर चकत्या. अंगठ्यानं खटका ओढला की पट्टी फिरते, चकत्या बाहेर फेकल्या जातात आणि वाटीच्या आतल्या कडेवर आपटतात. अंगठा हलका असेल तर ‘ट्रिंग’, रागात असेल तर ‘ट्रर्रर्रिंग’. म्हणजे या यंत्रात वाजवणाऱ्याचा स्वभाव जसाच्या तसा उतरतो. मोटारीच्या हॉर्नला ही सोय नाही. तिथे संत आणि गुंड एकाच सुरात ओरडतात.

पूर्वी घरातले वडीलधारे पुरुष ओटीवरून माजघरात यायच्या आधी खाकरत. घसा बरा असला तरी खाकरत. आत बायका गप्पा मारत असतील, पदर सावरायचा असेल, सुनेनं भिंतीला टेकून पाय पसरले असतील. त्यांना क्षणभर सवड मिळावी, एवढाच त्यामागचा हेतू. त्यात ‘बाजूला व्हा’ नव्हतं, ‘मी आलोय’ एवढंच होतं. सायकलची घंटी मला त्या खाकरण्याच्या जातीची वाटते. दुर्दैवानं आपल्या रस्त्यांवर हॉर्नचं राज्य इतकी वर्षं चाललंय की पाठीमागून आलेला कुठलाही आवाज ऐकणाऱ्याला दटावणीच वाटतो. मी अगदी मऊ ‘ट्रिंग’ केलं तरी पुढची पाठ दचकते आणि वळून माझ्याकडे असं बघते, की जणू मी तिच्या मुलाला नापास केलंय.

जपानी लोकांनी हा गुंता निराळ्या रीतीनं सोडवलाय. तिथे चालणाऱ्यानं बाजूला व्हावं म्हणून घंटी वाजवणं कायद्यालाच मंजूर नाही. घंटी खऱ्या धोक्यासाठी राखून ठेवायची. माणसाच्या मागे मुकाट रांगावं, नाहीतर तोंडानं माफी मागत पुढे जावं. माझी भाची जर्मनीत असते. तिथे चालणारे आणि सायकलवाले यांनी एकच वाट वापरायची असेल तर निळी गोल पाटी लावतात. पाटीवर मूल घेऊन चाललेला माणूस वर, सायकल खाली, मध्ये आडवी रेघ. रेघ उभी असली की दोघांचे पट्टे वेगळे. आडव्या रेघेच्या वाटेवर चालणाऱ्याला सांभाळून घेणं आणि लागेल तिथे त्याच्या चालीनं जाणं हे सायकलवाल्याचं काम. उभ्या रेघेच्या वाटेवर चुकून सायकलच्या बाजूला पाऊल पडलं, तेव्हा एका सत्तरीच्या आजीबाईंनी अशी घंटी वाजवली की भाचीला सगळं जर्मन व्याकरण एका दमात आठवलं. आपल्याकडे जमिनीवर रंगवलेलं सायकलचं चित्र असतं. पहिल्या पावसाळ्यानंतर त्यातलं एक चाक उरतं.

घंटी कधी वाजवायची, याचा मात्र हिशेब आहे. आरामात चाललेली सायकल ताशी पंधरा किलोमीटरच्या आसपास असते, चालणारा पाचच्या. म्हणजे मी त्याला दर सेकंदाला जेमतेम पावणेतीन मीटरनं गाठत असते. तीन मीटरवर येऊन घंटी वाजवली तर बिचाऱ्याला सेकंदभर मिळतो, आणि तेवढ्या वेळात माणूस विचार करत नाही, उडी मारतो. कुठल्या बाजूला, ते त्यालाही ठाऊक नसतं. बहुतेक जण आधी मान वळवून बघतात, आणि मान ज्या बाजूला वळते त्या बाजूला पायही ओढले जातात. म्हणजे बघणारा नेमका माझ्या वाटेत येतो. हेच वीस मीटरवरून वाजवलं तर सहा-सात सेकंद मिळतात. तेवढ्यात फोनवरचं वाक्य पुरं करून, ‘थांब हं, मागून सायकल येतेय’ असंही सांगून होतं.

दोघं जोडीनं चालत असतील तर हा हिशेब कोलमडतो. घंटी ऐकली की तो उजवीकडे होतो, ती डावीकडे. मध्ये सुरेख वाट मोकळी होते. मी त्या वाटेत शिरते तेवढ्यात दोघांना एकमेकांची काळजी वाटते आणि दोघंही एकमेकांना वाचवायला मध्ये धावतात. संसार टिकण्याच्या दृष्टीनं हे चांगलंच, पण मला उतरावं लागतं. निवृत्त चौघांच्या रांगेचं बरं असतं. ती मुळी हलतच नाही. चौघांपैकी एक जण हात वर करून ‘जाऊ दे रे तिला’ म्हणतो आणि उरलेले तिघं ‘हो हो’ म्हणत तिथेच राहतात.

आणि कानांत बोंडं घातलेली पाठ आली की घंटी, हिशेब, सगळंच फोल. ही नवी बोंडं बाहेरच्या आवाजावर उलटा आवाज सोडून त्याला मारतात म्हणे. इंजिनाची घरघर, पंख्याचा घोंगाट असा सलग, खालच्या पट्टीतला आवाज त्यात सहज मरतो. घंटीसारखा अचानक उठणारा तार आवाज तेवढा मरत नाही. पण कानाला रबराचं बूचच बसलेलं असताना उरलासुरला आवाज आत पोचला तरी तो गाण्यातलाच एखादा ठेका वाटत असणार. परदेशांत फोनमध्ये मान घालून चालणाऱ्यांसाठी काय काय करून बघितलंय. चीनमधल्या चोंगछिंगला २०१४ मध्ये एका फूटपाथचे दोन भाग करून फोनवाल्यांना वेगळी वाट आखून दिली. लोकांनी थांबून त्या वाटेचे फोटो काढले, फोननंच. जर्मनीत आउग्सबुर्गला २०१६ मध्ये ट्रामच्या थांब्यांपाशी जमिनीतच सिग्नलचे दिवे बसवले, कारण प्रवाशांची नजर तिथेच असते. माणूस मान वर करत नाही तर सिग्नल खाली आणा, हा समजूतदारपणा मला पटला. आपल्याकडे मात्र हे नको. आपल्याकडे खाली बघूनच चालावं लागतं, ते वेगळ्या कारणांसाठी.

मग उरतं तोंडानं बोलणं. त्यातही पाठ आडवी येते. समोरून माणसाचं वय कळतं, नातं जोडता येतं. पाठीवरून काका म्हणावं की दादा? ‘काकू, जरा बाजूनं’ म्हटलं आणि वळून बघणारा चेहरा माझ्याहून तरुण निघाला, तर पुढचा सिग्नल येईपर्यंत त्या नजरेचे चटके पाठीला बसतात. ‘ताई’ जास्त सुरक्षित. ‘आजोबा’ तर चुकूनही नाही. सकाळी चालायला येणारे गृहस्थ आजोबा असतात ते फक्त घरी. हमालांनी या वादात न पडता कधीच निकाल लावून टाकलाय. मंडईत डोक्यावर पोतं घेतलेला माणूस ‘एऽ बाजूऽऽ, बाजूऽऽ’ म्हणत येतो आणि डॉक्टर, वकील, प्राध्यापक सगळे एका रांगेत भिंतीला लागतात. पण त्याच्या डोक्यावर पन्नास किलो कांदे असतात. माझ्या पुढच्या टोपलीत पाव आणि कोथिंबीर.

मी ‘अहो’ वापरून पाहिलं. निव्वळ ‘अहो’. ना वय, ना नातं. परिणाम असा, की पट्ट्यावरचे झाडून सगळे नवरे वळून बघतात आणि अपराधी चेहरे करून बाजूला होतात. बायका वळत नाहीत. निम्मी वाट मोकळी होते.

हे सगळं वाचून असं वाटेल की सायकलवाले म्हणजे वाटेनं विनयाचा सडा घालत जाणारी माणसं. तसं काही नाही. भल्या पहाटे चकचकीत आखूड कपड्यांत थव्यानं निघणारे आमचे काही बंधू चालणाऱ्यांमधून दाभणासारखे आरपार जातात. त्यांच्या मनगटावरच्या घड्याळाला सरासरी वेग द्यायचा असतो, आणि आजीबाईंसाठी ब्रेक दाबला की सरासरी घसरते. त्यांच्या सायकलीला घंटी नसते. मोपेडच्या किमतीची सायकल घ्यायची आणि घंटीच्या वजनाची काळजी करायची! ब्रिटनमध्ये निदान दुकानातून नवी सायकल घंटीसकटच बाहेर पडावी लागते. घरी नेऊन गिऱ्हाईकानं ती काढून ठेवली तर कायदा काही म्हणत नाही, ही गोष्ट वेगळी. आमच्यातले काही जण तर स्वतःच कानांत बोंडं घालून असतात. अशा वेळी बोंडवाली पाठ पुढे आणि बोंडवाली सायकल मागे, दोघंही आपापल्या गाण्यात. त्यांना बाहेरचं कुणी सांगायला जाऊ नये.

मला विचाराल तर सगळ्यांत अवघड प्रकरण कुत्र्याचं. मालक पट्ट्याच्या एका कडेला फोनवर, कुत्रा दुसऱ्या कडेला खांबापाशी, आणि मधल्या दोरीला काळोखाचा रंग. इथे घंटी वाजवली की मालक नाही, कुत्रा वळतो. तो मला बघतो, मालकाकडे बघतो, आणि दोघांत शहाणं कोण ते ठरवून दोरी ताणून मालकालाच आपल्याकडे ओढून घेतो. या शहरात मला सर्वांत तत्परतेनं वाट दिली असेल ती कुत्र्यांनी. त्यांच्या कानात काही नसतं.

शेवटी कशीतरी वाट मिळते, मी पुढे निघते आणि पारडं फिरतं. आता पाठ माझी असते आणि बोलायची पाळी त्यांची. ‘थँक्यू’ मी म्हटलेलं असतं, पण ते वाऱ्यावर पुढेच जातं. मागच्याला काही पोचत नाही. मागून माझ्या पाठीवर येतं ते असं: ‘सावकाश!’, ‘घंटी वाजवायला काय होतं?’ (आताच वाजवलेली असते), किंवा ‘बाई, या वयातही सायकल, वा!’ हे शेवटचं ऐकल्यावर पाठीवरून वय कळतं की काय, अशी शंका येते. परवा बाकावरच्या निवृत्तांपैकी एकानं तर खणखणीत आवाजात सांगितलं, ‘अहो ताई, मागच्या चाकात हवा कमी आहे!’ मी दुर्लक्ष केलं. पुढे बालगंधर्वच्या चौकात उतरून चाक दाबून बघितलं. खरंच कमी होती, आणि हवा भरणारा बसतो तो नेमका मागे, त्यांच्या बाकासमोर.